निरोप कक्षातल्या दोन जावा

निरोप अर्धवट राहिलेला एखादा प्रवासी आत बसलेला असला, तर आमच्या कातळावरच्या विमानतळावरून विमान उडत नाही. इंजिनं व्यवस्थित चालतात, विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत धावतं, पण चाकं जमीन सोडत नाहीत. मग ते वळून परत येतं. विमानतळ नवीन होता तेव्हा लोकांचे यामुळे फार हाल होत. कुणाची परीक्षा बुडे, कुणाचं लग्न हुके, आणि आतले सगळे एकमेकांकडे संशयाने बघत बसत. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून प्रशासनाने निरोप कक्ष काढला आणि निरोप अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली.

कक्ष साधा आहे. समोरासमोर दोन खुर्च्या, एक बाकडं, पाण्याचा माठ आणि दह्यासाठी छोटा फ्रिज. घरचं दही सुरक्षा तपासणीत अडवतात, म्हणून हातावर घालायचं दही प्रशासनच पुरवतं. बहुतेकांचं काम लवकर उरकतं. बायकोशी भांडून निघालेला माणूस फोनवर दोन शब्द नीट बोलला, तरी पुरतं.

इंदुमती आठल्ये यांचं तसं झालं नाही.

मे महिन्यातली सकाळ होती. मुंबईचं विमान दोनदा टोकाला जाऊन परत आलं. मी आत चढून विचारलं, "कुणाचं काही राहिलंय का?" कुणी हात वर केला नाही. तेव्हा नियमाप्रमाणे एकेकाला खाली उतरवायला सुरुवात केली. करड्या सुती साडीतल्या एक म्हाताऱ्या बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून जमिनीवर आल्या, आणि त्यांच्या मागे विमानाचे दबलेले टायर गोल झाले.

"आई, तुझं?" त्यांचा मुलगा श्रीरंग म्हणाला. तो त्यांना मस्कतला न्यायला आला होता. "अहो, सगळ्या वाडीला भेटून आलीय ती. काल दिवसभर माणसं येत होती."

"माझं काही राहिलेलं नाही," इंदुमतीबाई म्हणाल्या.

मी टायरकडे बोट दाखवलं. त्यांनी वळून पाहिलं.

"वत्सला असेल," त्या म्हणाल्या.

वत्सलाबाई त्यांची धाकटी जाऊ. एकाच घराचे दोन भाग, मधे भिंत. इंदुमतीबाईंचे यजमान वारले तेव्हा वत्सलाबाई भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या होत्या. कळवूनही त्या लग्न आटोपून, तेरावा झाल्यावर परतल्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं नव्हतं.

"आम्ही दोघं थांबतो. विमान जाऊ दे," श्रीरंग म्हणाला.

तसं करता येत नाही. एकदा बसलेल्या माणसाला मागे ठेवून विमान नेलं, की आतले सगळेच त्याला अर्धवट सोडून निघाल्यासारखे होतात आणि मग विमान जागचं हलतही नाही. ते आम्ही एकदा करून पाहिलं आहे. मी वत्सलाबाईंना आणायला जीप पाठवली.

प्रवाशांत मुश्ताक काझी नावाचे गृहस्थ होते. ते आरडाओरडा न करता इंदुमतीबाईंच्या शेजारी येऊन बसले. "आजी, माझ्या मुलीला मुंबईत आज ऑपरेशनला घेणार आहेत. तिला आत नेण्याआधी मला पोचायचंय."

"किती मोठी आहे?"

"सहावीत गेली."

इंदुमतीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि दाराकडे तोंड करून बसल्या.

वत्सलाबाई आल्या तेव्हा त्यांचे हात आमसुलांच्या रंगाने लाल होते. खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मला सांगितलं, "मी बोलणार नाही. आमचं बोलणं नाही."

"बोलणं नसलं तरी निरोप लागतो, बाई."

त्यांनी जरा विचार केला. "मग विचारा त्यांना, मागच्या दाराची कडी लावली का."

मी विचारलं.

"त्या कडीत काही राम नाही म्हणावं," इंदुमतीबाई मला म्हणाल्या. "आतून दगड लावलाय."

"पावसात दार फुगलं की दगड काय करणार? मी बघेन म्हणावं."

"तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही म्हणावं. कुणाला तरी बोलवून घे म्हणावं."

दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते. तरी प्रत्येक वाक्य मी पोचवत होतो, कारण ते माझ्या कामात येतं. होता होता ते 'म्हणावं' गळून पडलं.

"सकाळच्या गोळ्या घेतल्यात का?" वत्सलाबाईंनी विचारलं, आणि इंदुमतीबाईंनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "घेतल्या."

मी बाजूला झालो. वत्सलाबाईंनी हात धुतले, जावेच्या तळहातावर दही घातलं आणि वाकून नमस्कार केला.

"येते हं," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"या."

सगळे विमानात बसले. विमान टोकापर्यंत धावलं आणि परत आलं. या वेळी मी आत गेलो तेव्हा काझींनी दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं.

वत्सलाबाई अजून खुर्चीतच होत्या. इंदुमतीबाई समोर बसताच त्यांनी विचारलं, "मघाशी काय म्हणालात मला?"

"येते म्हणाले."

"येणार आहात?"

श्रीरंग घाईने म्हणाला, "काकू, पावसाळाभर फक्त. हवापालट म्हणून."

"श्रीरंगा, घर बघायला गिऱ्हाइकं येऊन गेली ना? भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं मला."

श्रीरंग खाली बघत राहिला.

"'जाते' म्हणू नये गं," इंदुमतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "घरातून निघताना आपल्यात कुणी म्हणत नाही."

"मीही नव्हतं म्हटलं. लग्नाला निघाले तेव्हा भाऊजी ओटीवर होते. येते हं, म्हटलं. ते म्हणाले, सावकाश ये. मग ते नसताना कुठल्या तोंडाने यायचं होतं मी?"

"माझ्यासाठी यायचं होतंस," इंदुमतीबाई म्हणाल्या. "घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला तू हवी होतीस."

बाहेर कुणीतरी विमानाच्या चाकांवर हात फिरवून बघत होतं. इंदुमतीबाईंनी जावेचे लाल हात आपल्या हातांत घेतले.

"जाते, वत्सला."

वत्सलाबाईंनी मान हलवली. "जा, वहिनी."

काझी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. इंदुमतीबाईंना वर घ्यायला त्यांनी हात पुढे केला. विमानाने अर्ध्या धावपट्टीतच जमीन सोडली, आणि वैमानिकाने वरून कळवलं की कागदावर होतं त्यापेक्षा वजन कमी भरतंय.

वत्सलाबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. आवाज विरल्यावर पुन्हा येऊन बसल्या आणि रडल्या. मागे राहणाऱ्यांसाठी आमच्याकडे काही तरतूद नाही. मी जीप तयार असल्याचं सांगितलं. "जरा बसते," त्या म्हणाल्या.

दुपारच्या विमानाची माणसं यायला लागली. त्यांत एक नवी नवरी होती, नवऱ्याबरोबर दूर नोकरीच्या गावी निघालेली, आणि तिच्यामागे माहेरचं सगळं बिऱ्हाड. वत्सलाबाई उठून बाकड्यावर सरकल्या आणि नवरीच्या आईला आपली खुर्ची दिली.

"खरं तेवढंच बोला हं," त्या तिला म्हणाल्या. "नाहीतर विमान मुलीला परत घेऊन येतं."

"असं?" आई म्हणाली, आणि लेकीला जवळ ओढून तिने ठणकावून सांगितलं, "तू गेलीस तर मला अजिबात वाईट वाटणार नाही बरं का."

वत्सलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जीपच्या ड्रायव्हरला सांगितलं, बाई इतक्यात निघत नाहीत, जेवून घे.