स्वतः पाहिलंत?

आमच्या चाळीत कुणी मेलं तरी मणेरीकर आधी विचारायचा, "स्वतः पाहिलंत?"

तळमजल्यावरचा धोंडूबाबा गेला म्हणून एकदा बायका रडायला लागल्या, दोघंजण बांबू आणायला निघाले. मणेरीकर टोपी घालून खाली गेला, बाबाच्या नाकाशी बोट धरलं आणि वर येऊन म्हणाला, "बातमी अमान्य." अर्ध्या तासात धोंडूबाबा उठून चहा मागत बसला. पुढं सहा वर्षं जगला, आणि सहाही वर्षं बांबू आणायला गेलेल्यांना शिव्या घालत राहिला.

हा मणेरीकर आमच्या लालबागच्या गिरणीत इंटर्नल ऑडिटला होता. म्हणजे काय, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, त्याच गिरणीच्या स्टोअरमध्ये हमाल. मला कळलं ते एवढंच: बाहेरचा ऑडिटर वर्षातून एकदा येतो, बिस्किटं खातो, सही करून जातो. आतला ऑडिटर रोज येतो, आणि त्याला बिस्किट कुणी देत नाही.

आता माझी नात कुठल्याशा कंपनीत त्याच खात्याला लागलीय. म्हणते, "आजोबा, यात खूप पुढं जाता येतं." जात असेल. मी जो एक पाहिला तो जागचा हलला नाही. त्याच्याबरोबर लागलेले दोघे कारकून. एक हेडक्लार्क झाला, दुसरा कॅशियर. हा तिथंच. मी एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाला, "परब, लिहिणारा वर जातो. तपासणारा खोल जातो." मी म्हटलं, "खोल तर विहिरीत पडलेलापण जातो, साहेब." त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "हरकत मान्य."

हरकत हा त्याचा श्वास होता. खिशात कायम एक हिरवी पेन्सिल. गिरणीत हिरवा रंग फक्त ऑडिटनं वापरायचा असा नियम होता आणि तो पाळणारा तो एकटाच. कुठं काही चुकलं की चिठ्ठी यायची: हरकत, तिचा नंबर, आणि खाली "खुलासा द्यावा". आपण चिठ्ठीवरच उत्तर लिहायचं. मग तो येऊन बघणार, हिरवी टिक करणार आणि शेजारी लिहिणार, "स्वतः पाहिले." की प्रकरण मिटलं. न बघता त्यानं कधी टिक केली नाही.

आमच्या स्टोअरमध्ये उंदरांसाठी एक मांजर होती. मणेरीकरची हरकत आली की मांजर रजिस्टरमध्ये नाही. स्टोअरकीपरनं वैतागून चढवली: "मांजर, नग एक, जिवंत." पुढच्या तपासणीला नग पाच निघाले. लगेच हरकत: "वाढ कशी झाली? खुलासा द्यावा." मी म्हटलं, "साहेब, खुलासा मी देतो, पण बापाच्या नावाची जागा कोरी सोडावी लागेल."

दिवाळीला ठेकेदार सगळ्यांना पेढ्यांचे डबे वाटायचे. चुकून एक याच्याकडं आला. त्यानं पेढे मोजले आणि डबा परत पाठवला: "डब्यावर चोवीस लिहिले आहे. आत तेवीस आहेत." पुन्हा डबा म्हणून आला नाही.

चाळीतही हेच. एक दिवस माझ्या दाराखालून चिठ्ठी आली: "आपल्या दाराबाहेर चपला पाच. पाचवी कोणाची? खुलासा द्यावा." कुत्र्यानं कुठूनतरी एक ओढून आणली होती. माझी बायको शेवंता हसून हसून भिंतीला टेकली.

शेवंता मालवणकडची, नवऱ्याला 'घो' म्हणणारी. तिला अक्षरं येत होती, पण एकेक मोजून. मणेरीकर तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भावोजी. लग्न त्याचं झालं नव्हतं. मुलगी बघायला गेला तेव्हा मुलीचा बाप म्हणाला, मुलगी सुंदर गाते. यानं विचारलं, "हे स्वतः ऐकलंत, की कुणी सांगितलं?" तिथंच ते संपलं.

तर दर रविवारी दाढी झाली की हा आमच्या दारात उभा. "वहिनी, तपासा." त्याची मिशी कधी दोन्ही बाजूंनी सारखी व्हायची नाही. शेवंता कामं टाकून बघायची आणि सांगायची, "डावी वायच जास्त." तो जाऊन कापून यायचा. मी म्हटलं, घरात आरसा नाही काय? तर म्हणाला, "स्वतःचं स्वतः तपासता येत नाही, परब. ऑडिटचा पहिला नियम."

एकच हौस होती त्याला. गिरणीत ऑडिट ऑफिसरची जागा निघणार, अशी बोलणी वर्षानुवर्षं चालू होती. केबिन, हलणारं दार, पितळी पाटी. मणेरीकरनं आपल्या खोलीच्या दारावर हिरव्या पेन्सिलीनं एक चौकोन आखून ठेवला होता. घरीपण पितळी पाटी लावायची होती त्याला, नावाखाली हुद्दा. चौकोन पुसट झाला की तो पुन्हा गिरवायचा. चाळीतले लोक त्या चौकोनाला रिकामा देव्हारा म्हणायचे. मीपण म्हणायचो.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. चाळीत कुणी घरी टिकेना. शिवाजी पार्कवर सभा झाली, दुसऱ्या दिवशी एक पेपर म्हणाला अफाट गर्दी, दुसरा म्हणाला मूठभर. मणेरीकरची झोप उडाली. "दोघांपैकी स्वतः कोणी पाहिलं?" पुढच्या सभेला त्यानं अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं: "गर्दी मोजणे."

आम्ही स्टोअरमधल्यांनी अर्जबिर्ज काही केला नाही. गिरणीनं नोटीस लावली होती की पाळी सोडून सभेला जाईल तो कामावरून जाईल. आम्ही भर दुपारी गेटमधून बाहेर पडलो. शेवंताला तेव्हा सातवा महिना होता. "जावा," म्हणाली, "पण परत येवा."

शिवाजी पार्कच्या कठड्यावर मी उभा राहून ओरडत होतो, या टोकाकडून त्या टोकाकडं पळत होतो. तेवढ्यात खालून ओळखीचा आवाज आला. "परब, एका जागी उभे राहा. तुमची मोजणी दोनदा झालीय."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे म्हणालो, पोट बिघडलं होतं. एकाच दिवशी सगळ्या स्टोअरचं पोट. मोठ्या साहेबांनी यादी केली, पण साक्षीला कुणी मिळेना. मग कुणीतरी मणेरीकरचा रजेचा अर्ज त्यांच्यापुढं ठेवला.

यादीत माझं नाव पहिलं, म्हणून मला आत बोलावून दाराशी उभं केलं होतं. मणेरीकर टेबलापुढं. साहेबांनी यादी सरकवली. "तुम्ही तिथं होता. यातला जो दिसला त्याच्यावर टिक करा. तुमच्या टिकवर वाद घालायची कुणाची हिंमत नाही." आणि मग, अगदी गोड आवाजात, "ऑफिसरची जागा या महिन्यात भरायचीय."

हा माणूस खोटं लिहिणार नाही, हे मला माझ्या बापापेक्षा पक्कं ठाऊक होतं. हमालाची नोकरी गेली की खोली जाते, आणि बाळंतपण गावाला जाताना रस्त्यात.

मणेरीकरनं पेन्सिल काढली. माझ्या नावावर ती थांबली. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मग खाली एक ओळ लिहून कागद परत सरकवला. साहेबांनी मोठ्यानं वाचली, "यांपैकी कोणासही स्वतः पाहिले नाही."

"एवढी गर्दी मोजलीत, आणि आपला एक माणूस दिसला नाही?"

"मोजताना डोकी बघतात, साहेब. तोंडं नाही."

आम्ही बाहेर आलो. मी त्याचे पाय धरायला वाकलो तर मागं सरला. "हात लावू नका. माझ्यावर हरकत निघालीय."

"कोणी काढली?"

तो आपल्या टेबलाकडं गेला. मीपण सोडून दिलं. नोकरी वाचली होती, बाकी मला काय करायचं होतं?

ऑफिसरची जागा कॅशियरच्या मेहुण्याला मिळाली. मणेरीकरनं चौकोन गिरवायचं बंद केलं. चिठ्ठ्यापण बंद झाल्या. चाळीला आधी मोकळं वाटलं, मग चुकल्यासारखं व्हायला लागलं. शेवंतानं मुद्दाम दाराबाहेर पाच चपला मांडल्या. आठ दिवस पडून राहिल्या. रविवारी मिशी तपासायलाही तो आला नाही. दोन्ही बाजू वाट्टेल तशा वाढलेल्या.

एका संध्याकाळी मी बांगड्याचं कालवण नि भात जेवत होतो. मणेरीकर दारात येऊन उभा राहिला. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, ताटात पाहिलं, शेवंताकडं पाहिलं. म्हटलं, "साहेब, जेवायला या." तो म्हणाला, "नको. चालू द्या." आणि गेला. मी म्हटलं, डोकं फिरलं याचं. शेवंतानं नुसता भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी: "चपला पुन्हा पाच. खुलासा द्यावा." रविवारी तो दारात हजर. "वहिनी, तपासा."

महाराष्ट्र झाला तेव्हा सगळी चाळ नाचली. मणेरीकर पेपरात सरकारी निवेदन दोनदा वाचून झाल्यावर नाचला. दोनच पावलं. पुढं तो त्याच हुद्द्यावर रिटायर झाला आणि काही वर्षांनी त्याच खोलीत गेला. मी आत जाऊन त्याच्या नाकाशी बोट धरलं. त्याच्यासाठी एवढं करणं भाग होतं.

शेवंता गेली त्याला आता चार महिने झाले. मी उशाशी होतो. तेही स्वतः पाहिलं. लोक म्हणतात तिच्या वस्तू काढून टाक. परवा तिची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी लुगड्याच्या घडीत एक चिठ्ठी होती. त्याचं अक्षर.

"हरकत क्र. १, स्वतःविरुद्ध. शिवाजी पार्कवर पाहिलेल्या इसमास पाहिले नाही असे लिहिले. स्वतःचे स्वतः तपासता येत नाही. तरी वहिनींनी खुलासा द्यावा."

खाली शेवंताची वाकडी, एकेक मोजून काढलेली अक्षरं:

"माझो घो घरात आसा. येवन बघा."

आणि त्याखाली हिरवी टिक. स्वतः पाहिले.

बावळट. दोघंही. जन्मभर मला सांगितलं नाही.

चिठ्ठी होती तिथं ठेवली, पेटी लावून टाकली. दाराबाहेर अजून चपलांचे दोन जोड ठेवतो, एक माझा, एक तिचा. कुणाची हरकत येत नाही.