कान पाहणारा नालबंद

कासमचाचा कोणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे पाहत नसत. दारातल्या कुत्र्यापुढे उकिडवे बसत, त्याचा कान उलटा करत, आत नाक नेऊन वास घेत आणि मग नापास पोराच्या बापाकडे मास्तर जसा पाहतो तसे घरमालकाकडे पाहत. "आंबट येऊन राहिला," म्हणत. चहापाणी, खुशाली, सगळं त्यानंतर.

ते धंद्यानं नालबंद. बैलाला दोरीनं आडवं पाडून, चारी पाय एकत्र बांधून खुराला नाल ठोकायचे. मी अकरावीत असताना ते अमरावतीकडून आमच्या गावात आले. बार्शीटाकळी तालुक्यातलं आमचं गाव छोटं, पण बैल बरे होते. एक रिकामी खोली पाहून चाचा एकटेच राहू लागले. मात्र त्यांचं नशीब असं, की ते आले आणि बैल जायला लागले. दोन वर्षांत निम्म्या गोठ्यांत मोटारसायकली आल्या, उरलेल्यांत काहीच आलं नाही. आमचीही जोडी बाजारात गेली. तिचे नाल चाचांनीच काढून दिले होते.

हाताला पायांची सवय लागलेला माणूस रिकामा कसा बसणार? चाचा कुत्र्यांकडे वळले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. कमरेला कानस आणि पक्कड लावून सकाळी गावातून फिरत.

"भाबी, याचं वरचं नख पाहिलं का कवा?" असं माझ्या मायला विचारत. पुढच्या पायाला आत, जरा वर एक नख असतं. ते जमिनीला लागत नाही, म्हणून झिजत नाही. वाढतं, वळतं आणि कुत्र्याच्याच मांसात शिरतं. गावातल्या निम्म्या लंगड्या कुत्र्यांच्या लंगडण्याचं कारण हे नख होतं आणि ते कोणाला ठाऊक नव्हतं. चाचा पंजा मांडीवर घेत, पक्कडीनं टोक तोडत, कानशीनं घासून गोल करत. बैलाचं दाबून धरणं वेगळं आणि हे वेगळं. कुत्री त्यांच्या मांडीवर जांभया देत.

मग बोटांच्या मधली कुसळं. मग ओठ वर करून दात. मग शेपटीखाली. मग कुत्र्याची जर्मनची थाळी. "ही घासली कवा?" माय म्हणायची, "चाचा, आमची ताटं घासायले पानी नाई." चाचा म्हणत, "मंग त्याले तुमच्या ताटात वाढा, एकच घासा."

सगळं झालं की स्वतःच्या लोट्यातल्या पाण्यानं हात धुवायचे. कुत्र्याला शिवल्यावर त्यांच्या धर्मात सांगतात तसे सात वेळा, त्यातून एकदा माती लावून. एकदा मायनं विचारलंच, "एवढं धुवा लागते तर हात लावताच काहून?"

"कुत्रं मले बोलवाले आलं होतं का भाबी? मी लावला हात, मी धुतो."

मी बारावी झाले त्या वर्षी माझ्यासाठी स्थळ आलं. चांदूर बाजारकडचं, संत्र्याचा बगीचा असलेलं. तो भाग चाचांच्या पायाखालचा, म्हणून बाबा त्यांना बरोबर घेऊन गेले. ही चूक होती. घरच्यांनी पोहे पुढं ठेवले आणि चाचा मागच्या अंगणात निघून गेले. परत आले ते पोह्यांना शिवले नाहीत. एसटीत बसल्यावर म्हणाले, "तुकारामभाऊ, नाई द्याची पोरगी."

"काहून?"

"कुत्र्याचा पट्टा पाहिला? पिल्लू होतं तवा बांधला. कुत्रं वाढलं, पट्टा तेवढाच. कातडं कापून आत गेला. घरात सहा मानसं, एकाचंबी बोट त्या पट्ट्याखाली गेलं नाई. तिथं तुही पोरगी आजारी पडली तर कवा कळन त्याइले?"

बाबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पण स्थळाला होकारही कळवला नाही. मी अकोल्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं मी पहिलं माणूस. ही गोष्ट मी स्वतःहून सांगते, कोणी विचारायची वाट पाहत नाही.

माझ्या शेवटच्या वर्षापर्यंत घर पार मेटाकुटीला आलं होतं. कपाशीनं तीन हंगाम दगा दिला होता. माय दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जायची. बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. हातात काही होतं तर ती नाल्याकाठची तूर. शेंगा चांगल्या धरल्या होत्या. पण नाल्यापलीकडून रोह्यांचा कळप यायचा, आणि रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, एका रात्रीत पट्टाच्या पट्टा साफ करतं. बाबांना ते दहा पावलांवर आलं तरी दिसायचं नाही. दिसायचं आमच्या भुऱ्याला. भुऱ्या भुंकायचा, बाबा त्या दिशेनं डबा वाजवत जायचे. तूर राखत होतं ते कुत्रं.

बाबांनी मला सरळ सांगितलं होतं, "तूर घरी आली तं परीक्षा दे. नाई आली तं वेचनीले जाजो मायसंगं." त्यात राग नव्हता. होतं तसं सांगितलं.

अशात भुऱ्याला गोचीड झाले. कानात, काखेत, बोटांच्या बेचक्यात, तुरीच्या दाण्याएवढे. तो रात्रभर राखणीऐवजी अंग खाजवत बसायला लागला. चाचा म्हणाले, "हातानं काढा लागते. एकेक. घासलेटच्या डब्यात टाक. रोज सकाळी घंटाभर, आठ दिवस."

रोज तासभर? माझी प्रॅक्टिकल तोंडावर होती. आणि गावात त्याचा सोपा उपाय सगळे करत होते. कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात टाकायचं आणि फडक्यानं जनावराला पुसायचं. कोणाचं कुत्रं त्यानं मेलं तर लोक म्हणत, त्याचं भरलं होतं. मी तर शिकलेली. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचू शकणारी घरात मीच. मी प्रमाण वाचलं, हिशेब केला, गावकऱ्यांपेक्षा पातळ मिश्रण केलं. ते औषध कशासाठी आहे हेही त्याच अक्षरात लिहिलं होतं. ते मला वाचावंसं वाटलं नाही.

सकाळचे नऊ वाजले असतील. माय वेचणीला, बाबा वावरात. मी भुऱ्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत पुसून काढलं. तो अंग चाटायला लागला. मी हसून म्हटलं, कडू लागते का रे? आणि पुस्तक घेऊन ओट्यावर बसले.

दोन पानं झाली नसतील. भुऱ्याच्या तोंडातून लाळेची तार लागली. मग मागचे पाय थरथरायला लागले, मग सगळं अंग. मी त्याला उभं करायला गेले तर तो कुशीवर पडला. डोळ्याची बाहुली मोहरीएवढी झाली होती. मला पुस्तकातलं काहीही आठवेना. मी त्याच्या नावानं हाका मारत राहिले, जणू तो दूर कुठं गेला होता.

चाचा रस्त्यानं जात होते. ते दारातच थांबले. कुत्र्याकडे पाहण्याआधी त्यांनी हवेचा वास घेतला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता मला मारतील.

"कोनतं औषध?"

मी बाटली दाखवली.

"पानी किती हाय घरात?"

"रांजण आहे. दोन हंडे. पण चाचा, नळ सोमवारी..."

"सोमवारचं सोमवारी पाहू. आन सगळं."

समोरच्या गजाननभाऊला त्यांनी मोटारसायकलवर बार्शीटाकळीला पिटाळलं, जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन ये म्हणून. मग माझ्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, स्वतःच्याही. पक्कडीनं भुऱ्याचा पट्टा तोडून फेकला. कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि घासायला सुरुवात केली.

मी पाठीवर पाणी ओतत होते. "पाठ कोनबी धुते," चाचा खेकसले. "कानात घे. कानाच्या मागं. तिथं कातडं पातळ असते, तिथूनच आत जाते. बोटाइत बोट घाल. काखेत. शेपटीखाली. पट्टा होता तिथं. फेस करून घास, पुसू नको."

रांजण रिकामा झाला. पहिला हंडा झाला. भुऱ्याचा श्वास घरघरत होता. मी म्हटलं, "चाचा, तो मरते."

"मरन तं धुतलेला मरन. तू ओत."

दुसरा हंडा अर्ध्यावर आला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं आता थांबायचं. ते म्हणाले, "आता तू."

"मी काय?"

"तू घाम पुसला. पिशवी बांधाच्या आधी, त्याच हातानं. मी पाहिलं ना तुह्या कपाळाले औषध. चाल, धू. साबन लावून."

"चाचा, हे प्यायचं आहे. मी तोंड धुते ना नंतर..."

"तोंड नाई." त्यांचा आवाज फाटला. "तोंड सगळेच धुतात. तोंड धुतलं होतं त्यानं. हातपाय धुतले, जेवाले बसला. कानामागं कोनी पाहिलं नाई. मी बाप असून पाहिलं नाई."

मी हंड्याजवळ बसले. ते माझ्या डोक्यावर पाणी ओतत होते, थोडं थोडं, आणि मी कानामागं, मानेवर, केसांच्या मुळांत साबण घासत होते. ओतता ओतता ते बोलत होते, माझ्याशी नाही, पाण्याशी बोलल्यासारखं. त्यांचा यूसुफ. मजुरीनं फवारणीला जायचा. पाठीवरचा पंप गळका होता, औषध मानेवरून उतरायचं. त्या दिवशी घरी आला, म्हणाला, अब्बा, गरगरते. सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. कांदा हुंगवला, पांघरूण घालून त्याच सदऱ्यात निजवलं. डॉक्टरांनी नंतर विचारलं, आंघोळ घातली होती का?

"एकोणीस वर्साचा होता," चाचा म्हणाले. "बैलाचा खूर मी लांबून वळखतो. अन् माह्या पोराच्या कानामागं औषध हाय, हे मले दिसलं नाई."

चार वर्षांत गावातल्या कोणी त्यांना विचारलं नव्हतं की तुम्ही एकटे का. मीही नाही. आम्ही त्यांच्या कान हुंगण्याच्या नकला करत होतो. मी चांगली करायचे.

डॉक्टर आले तेव्हा भुऱ्या गोधडीत गुंडाळलेला होता आणि चाचा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, लाळ बाहेर वाहून जावी म्हणून तोंड खाली धरून. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, थोड्या वेळानं दुसरं दिलं. डोळे पाहिले, कान उलटे करून हुंगले. "एवढं स्वच्छ कोणी धुतलं?" त्यांनी विचारलं. चाचांनी माझ्याकडे बोट केलं. मी काही बोलणार तेवढ्यात ते उठून लोटा शोधायला गेले. लोट्यात पाणी नव्हतं. घरात कुठंच नव्हतं. गजाननभाऊच्या घरून मी एक तांब्या मागून आणला आणि त्यांच्या हातावर ओतला. सात वेळा. माती मीच उकरून दिली.

बाबा संध्याकाळी आले. मी त्यांना सगळं सांगितलं, बाटलीसकट. ते भुऱ्याजवळ बसले आणि हातानं त्याचं अंग चाचपत राहिले. मग चाचांना म्हणाले, "आज रातचं काय करता कासमभाई? तूर उभी हाय."

"चालतो मी," चाचा म्हणाले. "डोये माहे हायेत. डबा तुम्ही वाजवा."

पाच रात्री ते दोघं वावरात होते. सहाव्या दिवशी भुऱ्या आपल्या पायांनी गेला. गोचीड मी हातानं काढले, सकाळी तासभर, डबा जवळ घेऊन. चाचा शेजारी बसून सुटलेले दाखवत.

तूर घरी आली. मी परीक्षा दिली आणि बी.एस्सी. झाले. त्यानंतर मी गावातल्या प्रत्येक घरी गेले, माझी चूक माझ्या तोंडानं सांगितली, आणि वर्षभरात आमच्या गावात कुत्र्याला कपाशीचं औषध लावणं बंद झालं. फवारणीहून आलेला माणूस आता अंगणात सदरा काढतो आणि कानामागं साबण लावल्याशिवाय घरात पाय ठेवत नाही.