घंगाळातली गौर

गौर आणायला निघालेल्या मुलीने तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घरात पाऊल ठेवेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, असा अक्काच्या घरचा नियम. भैरवीने तो अगदी प्रामाणिकपणे पाळला. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

यंदा पंचगंगेला पाणी चढलं होतं आणि घाटाकडचा रस्ता बंद होता. म्हणून अक्काने तिला गल्लीच्या टोकाला, दत्ताच्या देवळामागच्या विहिरीवर धाडलं. विहिरीच्या काठचे पाच खडे घ्यायचे, ताम्हनात ठेवायचे, वर खण झाकायचा. बाहेर पाऊस, एका हातात ताम्हन, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या. भैरवी नोकरीला पुण्यात, साडी वर्षातून एकदा. विहिरीकडे जायला ती घराला वळसा घालून कशीबशी मागच्या अंगणापर्यंत पोचली, तर धुण्याच्या दगडाशेजारी तांब्याचं घंगाळ. घंगाळात पाणी, आणि पाण्यात खडे. तेही पाच, गोल, एकाच आईची लेकरं असावीत तसे, आणि मध्ये प्रत्येकाला अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारखा खळगा. विहिरीवर याहून चांगलं काय मिळणार होतं? तिने तेच ताम्हनात ठेवले आणि वर खण झाकला.

दारात तिचे वडील, नृसिंह, घंटा घेऊन उभे होते. राजारामपुरीत त्यांचं चष्म्याचं दुकान. बायको गेली तेव्हा भैरवी लहान होती, तेव्हापासून घर सांभाळलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने. अक्का मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी भाजी मंडईत तिला बघून चांगल्या आजी झालेल्या बायका पदर सावरतात. नृसिंहांकडे सावरायला पदर नव्हता, एवढाच काय तो फरक.

अक्काने भैरवीच्या पायांवर दूध-पाणी घातलं, कुंकू लावलं आणि रिवाजाप्रमाणे गौरीला घर दाखवायला सुरुवात केली. हे माजघर, हे स्वयंपाकघर, हे कोठार. "आणि ही नरसूची दगडांची खोली," अक्का दरवर्षीच्या सुरात म्हणाली. खोलीत काचेचं कपाट होतं. भैरवीने ताम्हन कपाटासमोर धरलं, वरचा खण जरा घसरला, आणि नृसिंहांच्या हातातली घंटा वाजायची थांबली.

ते खडे नव्हते. मणके होते.

माणसाचे नव्हेत. पंधरा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणाऱ्या, सुसरीच्या तोंडाच्या आणि डॉल्फिनच्या अंगाच्या एका सरपटणाऱ्या प्राण्याचे. इक्थिओसॉर त्याचं नाव. नृसिंहांनी अर्धं आयुष्य असले अवशेष जमवण्यात घातलं होतं, पण कपाटातला बाकीचा माल म्हणजे दाताचा तुकडा, बरगडीचा कपचा असा. एकाच जनावराचे, एकामागोमाग एक जुळणारे पाच मणके ही त्यांची खरी कमाई. कच्छमधल्या एका शिक्षकाने ते दिले होते आणि खळग्यांत बसलेली माती सुटावी म्हणून ते घंगाळात भिजत होते. पुण्याचे प्राध्यापक उन्मेष, ज्यांनी इतकी वर्षं त्यांच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नव्हतं, ते या पाचांचा फोटो बघून दसऱ्याला स्वतः येतो म्हणाले होते.

आता कुणीही म्हणेल, मग तिथल्या तिथे सांगून टाकायचं. पण काय सांगायचं? ज्या घरात कधी अंडं शिजलं नाही, त्या घरात देवीच्या ताम्हनात हाडं आहेत म्हणून? पहिलं हाड घरी आणलं तेव्हा अक्काने विचारलं होतं, हे काय आहे रे, आणि नृसिंह घाबरून म्हणाले होते, दगड. तेव्हापासून त्या कपाटात दगडच राहत होते. ते हाडाची परीक्षाही दार लावून करत. परीक्षा सोपी असते. जिभेला लावायचं. दगड निसटतो, हाड जिभेला चिकटतं. त्या फटी पडलेल्या जुन्या दाराला कडी घालून, डोळे मिटून दगड चाटणारा हा गृहस्थ बाहेर आला की अक्काच्या नजरेला नजर देत नसे.

चूळ टाकल्यावर भैरवीला माडीवर नेऊन त्यांनी खरं काय ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "पाणी होतं, खडे होते आणि माझं तोंड भरलेलं होतं, बाबा. विचारणार कुणाला?"

"आत्याला सांगू या?" हेही तीच म्हणाली, आणि नको हेही तीच म्हणाली.

संध्याकाळपासून अपशकुन सुरू झाले. आधी समई विझली. मग अक्काने, काही कारण नसताना, डोक्यावरून दुसऱ्यांदा आंघोळ केली. नृसिंहांना न्हाणीघरातला तांब्यांचा आवाज ऐकू येत होता आणि ते एकेक तांब्या मोजत होते. आंघोळ कशाची? कुणाला शिवली? विचारायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी नैवेद्याचा पहिला घावन तव्याला चिकटला. पहिला घावन दरवर्षी चिकटतो, पण यंदा भैरवीने वडिलांकडे पाहिलं आणि वडिलांनी देवीकडे. एरवी आरतीच्या वेळेला ज्याच्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक असायचं तो माणूस सकाळ-संध्याकाळ टाळ घेऊन सगळ्यात पुढे उभा राहू लागला. शेजारपाजारचे म्हणाले, वय झालं की भक्ती येते.

हळदीकुंकवाला समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर क्रांतीताई आल्या. हाडांच्या डॉक्टर. नृसिंहांनी त्यांना दारातून येताना पाहिलं आणि कॉफीचे कप घेऊन जायचं काम आपणहून अंगावर घेतलं. क्रांतीताई गौरीपुढे वाकल्या, नमस्कार केला, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"अक्का, हे खडे कुठनं आणलासा?" त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्याला तर मणक्यावानी दिसाय लागलेत की."

नृसिंहांनी घाईघाईने कॉफीचा कप त्यांच्या नाकाशी धरला.

"दिसू देत की," अक्का फुलवात सारखी करत म्हणाली. "घरात कुणाला तरी कणा असू दे."

क्रांतीताई मोठ्याने हसल्या, त्यांनी ओटी भरून घेतली आणि गेल्या. नृसिंह स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. एक संकट टळलं होतं, आणि त्याहून मोठं उद्या होतं. उद्या विसर्जन. हाडं आहेत हे कळलं तर अक्का गेली, नाही कळलं तर मणके गेले. प्राध्यापक येणार आणि त्यांना दाखवायला रिकामं घंगाळ.

म्हणून ते मासे आणि मासे ठेवायच्या काचेच्या पेट्या विकणाऱ्या दुकानात गेले आणि मणक्यांच्या जागी ठेवायला पाच साधे, गोल, करडे खडे घेऊन आले. विसर्जनाच्या दिवशी दुपारी अक्का आडवी झाली. भैरवी जिन्यात पहाऱ्याला बसली. नृसिंह पावलांचा आवाज न करता चौरंगापर्यंत गेले. मणक्यांवर हळदीकुंकवाचे थर चढले होते, कापसाचं वस्त्र होतं, वर तेरड्याची फुलं होती. त्यांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. इतकी वर्षं ते मणके प्राण्याचे होते, मग त्यांचे झाले, आणि आता कुणाचे, हे त्यांना कळेना.

"नरसू," आतल्या खोलीतून आवाज आला, "सोवळ्यात आहेस का?"

नृसिंह पँटमध्ये होते. ते उलट्या पावली जे निघाले ते माडीवर जाऊनच थांबले. खिशातले खडे जिनाभर वाजत होते.

विसर्जनाला महापालिकेने चौकात काहील ठेवली होती. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती, माणूस बसेल एवढी लोखंडी कढई, काठोकाठ पाण्याने भरलेली. आधी गणपती गेला. मग अक्काने ताम्हनातले पाचही मणके ओंजळीत घेतले. नृसिंह एक पाऊल पुढे झाले. आत्ता बोलायचं होतं. "अक्का," ते म्हणाले. तिने वळून पाहिलं. ते म्हणाले, "जपून, घसरडं आहे."

अक्काने ओंजळ पाण्यात बुडवली. एकदा, दोनदा, तीनदा. पाणी गढूळ होतं, फुलं तरंगत होती, काही दिसलं नाही. मागून पालिकेचा माणूस ओरडला, "पावणं, सरका की फुडं, मागं रांग हाय."

घरी येईपर्यंत भैरवीने न सांगता बाबांचा हात धरला होता.

आता विसर्जनाहून येताना नदीतली मूठभर वाळू आणायची आणि घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात टाकायची, म्हणजे घरात बरकत राहते, ही कोल्हापुरात घरोघरची रीत. नृसिंहांनी दार उघडलं. अक्का आत आली, देवापुढे उभी राहिली आणि तिने पदराची गाठ सोडली. गाठीत पाच मणके होते, ओले, खळग्यांतलं कुंकूसुद्धा पुरतं न गेलेले.

"काहिलीत वाळू नव्हती," अक्का म्हणाली. "मग तिथनं दुसरं काय आणणार?"

त्यातले चार तिने नृसिंहांच्या हातावर ठेवले. पाचवा बरकतीचा म्हणून स्वयंपाकघरात नेला आणि तांदळाच्या डब्यात पुरला. नृसिंहांनी हातातले परत मोजले. चार मिळाले होते. तिला अजून काही कळलेलं दिसत नव्हतं. पाचवा मागायला गेलं तर कशाला हवाय म्हणून विचारेल, आणि मग त्या सगळ्याला परत सुरुवात.

दसऱ्याला प्राध्यापक उन्मेष आले. बारीक, उंच, बोलायला घाईचे. चार मणके त्यांनी भिंगातून पाहिले, एकमेकांना जुळवले आणि मान वर केली. मधला एक नाही, ते म्हणाले. फोटोत तर पाच होते. नृसिंह घाम पुसायला लागले. तेवढ्यात दारातून अक्काचा आवाज आला, की पाय धुऊन आत या.

प्राध्यापकांनी पाय धुतले आणि ते स्वयंपाकघरात पाटावर बसले. अक्काने डब्यात कोपरापर्यंत हात घातला, मणका काढला, तांदूळ झटकले आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. आणि प्राध्यापकांनी, आयुष्यभराची सवय, दुसरं काय, तो सरळ उचलून जिभेला लावला.

नृसिंहांनी डोळे मिटून घेतले.

"चिकटलं का?" अक्काने विचारलं.

"चिकटलं की. एकदम अस्सल हाड आहे."

"मलाही चिकटलं होतं," अक्का म्हणाली.

नृसिंहांनी डोळे उघडले. त्यांना ती दुसऱ्यांदाची आंघोळ आठवली, एकेक तांब्यासकट. ते एवढंच म्हणाले, "आणि तू बोलली नाहीस?"

"दारात पाय धुऊन घेतलेल्या माहेरवाशिणीला कुळ विचारतात का रे?" अक्काने मणका परत घेतला, धुतला आणि तांदळात पुरून डब्याचं झाकण लावलं. "आणि तू जन्मात पहिल्यांदा दोन्ही वेळा आरतीला उभा होतास. म्हटलं, भितोय तोवर भिऊ दे."