वामनकाकांचं कोवळं ऊन

वामनकाकांच्या बाटल्यांवर सावली पाडणं हा आमच्या आवारातला सगळ्यात मोठा गुन्हा. "सावली हटव बे!" अशी आरोळी आली, की माणूस असो की मांजर, टुणकन बाजूला व्हायचं. एकदा ढग आला, तर काका कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे असे बघत राहिले, की वाटलं आता त्यालाही शिवी हासडतात.

पॉवर हाऊसातून रिटायर होऊन ते खापरखेड्याहून शहरात, महाल भागातल्या आमच्या शेजारच्या खोलीत आले. बायको गेलेली, एकटा जीव. रंगीत बाटल्यांत पाणी भरायचं, उन्हात ठेवायचं आणि आजाऱ्यांना पाजायचं, हा त्यांचा उद्योग. निळी तापावर, हिरवी पोटावर, नारिंगी सांधेदुखीवर. "साऱ्या आजाराचं मूळ अंधार हाय गा," हे पालुपद. मी म्हणायचो, काका, हे तर नळाच्या पाण्यासारखंच लागतं. "तुह्या जिभेलेच उजेड कमी पडला," असं वर ऐकून घ्यायचं.

मला भारी हसू यायचं. पण त्या हिवाळ्यात माझं हसणंच पळालं. धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या हातावर कोड उठलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध दिलं. ते डागाला लावायचं आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात हात उघडा ठेवून नेमानं बसायचं, नाही तर डाग पसरत जाईल, म्हणाले. आता ऊन आणायचं कुठून? आमच्या कवेलूच्या छपराच्या अंधाऱ्या खोल्यांत भरदुपारी दिवा लागायचा. कोवळं ऊन पडायचं ते फक्त नळापाशी, नेमकं बायांच्या बादल्यांची रांग लागते तेव्हा. म्हणजे जे झाकायचं, तेच चव्हाट्यावर मांडायचं! कुसुमनं पूर्ण बाह्यांचं पोलकं चढवलं आणि घर सोडेना. "मले नाही व्हायचं बरं," एवढंच म्हणायची. आई रडायची, मी ओरडायचो, आणि डाग मनगटाकडे सरकत होता. जीव नुसता टांगणीला लागला होता.

अशात काकांनी नवं खूळ काढलं. बाटलीतलं ऊन पुरत नाही म्हणे. ज्याचं जे दुखते, ते त्यानं उद्यापासून नळापाशी उघडं करून बसावं! आणि खरंच, दुसऱ्या सकाळी आवारातल्या राधाबाई लुगडं खोचून गुडघे शेकत बसलेल्या, समोरचे मास्तर पाठ उघडी टाकून, आणि मधोमध काका, ढेरीवर तेल चोपडून. माझं डोकंच सणकलं. आमच्या घरात काय चाललंय आणि या म्हाताऱ्यानं काय तमाशा मांडलाय! तरातरा गेलो. "काका, बंद करा हे!"

त्यांनी मला बाजूला ओढलं. "हळू बोल ना गा. इतकी उघडी अंगं असल्यावर तुह्या बहिणीचा हात कोण पाहते?"

मी आल्या पावली घरात परतलो.

काही दिवस कुसुम दाराच्या फटीतून नुसती बघत राहिली. मग एका सकाळी औषध लावून बाहेर आली. बादली भरून वाहत होती, पण नळ कोणी बंद करेना. कुसुमनं बाही वर सारली. राधाबाईंची नजर त्या पांढऱ्या डागावर खिळली.

"राधाबाई, आपल्या गुडघ्याकडं पाहा वं!" काका कडाडले.

राधाबाई दचकल्या. मग पाटावरून सरकत म्हणाल्या, "इकडं ये वं पोरी, तिथं ऊन नाही."

काका उठून आत गेले, तसा मी धावतच चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. काका भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

"माह्या शांतीलेही होतं हे," म्हणाले.

"काकूंना?"

"हो ना. दोन्ही हातांवर. तिले त्याची लाज नव्हती गा. खुशाल उन्हात वेणी घालत बसे. मीच आत बोलावून दार लावून घेत होतो. लोक पाहून राहिले म्हणून."

मी चहा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"साऱ्यांसमोर उन्हात आणली ते गेली त्या दिवशी. अन् तवाही तिचे हात मीच झाकले."