शलाकाची सत्त्याण्णव टक्के शक्यता

बाळांनो, मोबाइल खाली ठेवा. हो, तुझाही, मागच्या रांगेतल्या! तर, एका जंगलात रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, पण सल्ला केंद्रं मात्र झाडागणिक होती. आणि एक सरकारी विद्यापीठ होतं.

त्या जंगलात शलाका नावाची साळिंदराची मुलगी राहायची. बारावीत होती. तिला विद्यापीठात जाऊन औषधी मुळ्यांचं शास्त्र शिकायचं होतं. गेल्या थंडीत तिचा धाकटा भाऊ साध्या तापाने गेला. वस्तीत वैद्यच नव्हता. तेव्हापासून तिचं ठरलं होतं.

आता साध्यासुध्या बापाने अर्ज आणून भरला असता. पण अप्पा साळिंदर पडले जागरूक पालक! ते तिला उदमांजर सरांकडे घेऊन गेले. सर प्रवेशाची शक्यता काढून द्यायचे.

सरांनी गुणपत्रिका उलटी धरली, सुलटी धरली, हुंगली. म्हणाले, "एक्केचाळीस टक्के."

सोबत आलेली आई म्हणाली, "अगं बाई! आता हो?"

"वाढवू की, वहिनी. नाच येतो का हिला? समाजसेवा?"

"सर, मला दोनशे चाळीस मुळ्या ओळखता येतात," शलाका म्हणाली.

"त्याला कोण विचारतंय?" सर म्हणाले.

मग काय विचारता! शलाका वर्षभर लेझीम खेळली. नदीकाठचा केर काढताना तिने फोटो काढून घेतले. केर तिथेच राहिला, पुढच्या मुलांनाही फोटो काढायचे होते. दर पंधरवड्याला सर नवा आकडा सांगत. साठ झाले, अठ्ठ्याहत्तर झाले, शेवटी सत्त्याण्णव!

वस्तीत फ्लेक्स लागला. 'कु. शलाका हिला प्रवेशाची सत्त्याण्णव टक्के शक्यता मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली बावीस शुभेच्छुकांचे चेहरे होते. त्यातले तीन शलाकाच्या ओळखीचे होते.

सत्कार ज्या दिवशी ठेवला, त्याच दिवशी अर्जाची मुदत संपत होती.

"अप्पा, अर्ज?" शलाकाने सकाळी विचारलं.

"अगं, सरांनी भरला असेल. आधी पाहुण्यांच्या पाया पड."

"अप्पा, अर्ज राहिलाय हो!" तिने दुपारी सांगितलं.

"थांब गं, सरपंचांचं भाषण चाललंय."

सरपंच म्हणजे गवा. त्याचं भाषण सूर्य बुडेपर्यंत चाललं. विद्यापीठाची खिडकी सूर्य बुडताच बंद झाली.

यादी लागली. जागा चाळीस होत्या आणि अर्ज आले होते नऊ. बाकीच्यांचे त्या दिवशी सत्कार होते ना! नऊच्या नऊ जणांना प्रवेश मिळाला. त्यात रानडुकराचा गुरगुऱ्याही होता. सरांनी त्याची शक्यता तीन टक्के काढली होती. त्यामुळे त्याला कुणी हार घातला नाही, आणि तो बिचारा मोकळाच होता. त्याला रताळं आणि वेखंड यांतला फरक कळत नसे. दोन्ही खायचा.

शलाका ढसाढसा रडली. "अप्पा, मी दोनदा सांगितलं होतं हो!"

अप्पांना तिच्याकडे बघवेना. ते तडक सरांकडे गेले आणि ओरडले, "सर, हे काय झालं?"

"अर्ज भरणं आमच्याकडे येत नाही," सर शांतपणे म्हणाले. "पण अंदाज चुकला का, सांगा बरं? मी सत्त्याण्णव म्हणालो होतो, शंभर नव्हे. उरलेले तीन टक्के ते हेच!"

अप्पा विचारात पडले. मग म्हणाले, "हे मात्र खरं हं, सर."

आणि जाता जाता शलाकाच्या धाकट्या बहिणीचं नाव सरांकडे घालून आले. ती बालवाडीत आहे. तिची शक्यता आत्ताच बावन्न टक्के निघाली. आईने शेजारी साखर वाटली. शलाका तेवढी घरात तोंड फिरवून बसली होती. वस्तीत अजून वैद्य नाही.

तात्पर्य : मुलांनो, प्रवेश मिळाला की अभ्यास करावा लागतो, शक्यता मिळाली की नुसता सत्कार होतो. तेव्हा शहाण्या मुलाने शक्यता वाढवत राहावी आणि अर्ज भरून तिचा सत्यानाश करू नये.