रुमेनाच्या चाळिसाव्याचं पत्रक

रुमेना जाऊन चाळीस दिवस व्हायला, म्हणजे तिच्या चाळिसाव्याच्या विधीला, एक दिवस उरला असताना कॉम्प्युटरने स्तामेनशी असहकार पुकारला.

त्या गावात माणूस गेलं की त्याचा फोटो आणि चार ओळींचं पत्रक घराच्या फाटकावर चिकटवतात. चाळिसाव्याला दुसरं लागतं. ते लागलं नाही, तर नवऱ्याबद्दल काय बोलायचं ते गाव बोलून मोकळं होतं. पहिलं पत्रक रुमेनाच्या थोरल्या बहिणीने, दोब्रिनाने लिहिलं होतं. त्यात 'प्रेमळ' हा शब्द तीनदा आला होता आणि नवऱ्याचं नाव सगळ्यात खाली, भाच्यांच्याही नंतर.

दुसरं मात्र आपणच लिहायचं, असं स्तामेनने ठरवलं होतं. उभ्या संसारात तो बायकोशी 'मीठ कमी पडलंय' याच्यापलीकडे फारसं बोलला नव्हता. आता बोलायचं होतं, तर फाटकाशिवाय जागा उरली नव्हती.

नावाचं पहिलं अक्षर मोठं हवं, म्हणून त्याने करंगळीने शिफ्टचं बटण दाबलं आणि नावापुढे काय लिहावं याचा विचार करत बसला. विचार लांबला. कॉम्प्युटर बारीक आवाजात वाजला, कोपऱ्यात कसलीशी सूचना चमकली आणि तो चष्मा शोधेपर्यंत गेलीसुद्धा. मग त्याने भराभर टाइप केलं. पडद्यावर एक अक्षर उमटेल तर शपथ. स्तामेनने पोस्टात जन्म टायपिंगमध्ये घालवला होता, त्यामुळे दोष आपल्या बोटांचा असेल हे त्याच्या मनातही आलं नाही.

"झालं का लिहून?" चाळिसाव्याला वाटायचे गहू शिजत टाकून दोब्रिना आत आली.

"मशीन बिघडलंय, ताई."

"नाचता येईना अंगण वाकडं. सरक."

तिने तर्जनी उगारली आणि बहिऱ्याच्या दाराची घंटी वाजवावी तशी एकेक बटण दाबून धरू लागली. सावकाश एकेक अक्षर उमटू लागलं. तिसऱ्या शब्दाला 'प्रेमळ' आलं.

"उमटतंय की."

स्तामेनने तिला थांबवून स्वतः बटणं बडवली. काही नाही. तिने दाबलं, उमटलं. दोब्रिनाने छातीवर क्रूस काढला.

"तू लिहावंस हे रुमेनाच्या मनात नाही, स्तामेन."

स्तामेनचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता, पण रुमेनाच्या रागावर होता. त्याला एकदम फार एकटं वाटलं. तो शेजारच्या मेतोदीला बोलवायला गेला.

मेतोदीने हयातभर ट्रॅक्टर दुरुस्त केले होते आणि त्याच्या मते सगळी यंत्रं एकाच आईची लेकरं. त्याने कीबोर्ड उलटा करून आपटला, पावाचा चुरा काढला आणि राकियाची, म्हणजे फळांच्या कडक दारूची, बाटली मागितली. थोडी कापसावर घेतली, बाकीची स्वतः घेतली. कीबोर्ड चकचकीत झाला, पण अक्षर उमटेना. मग तो घरून आपला कीबोर्ड घेऊन आला. त्याच्यावरही स्तामेनची डाळ शिजेना.

"आत काय घातलंय याच्या?" मेतोदीने विचारलं.

"लिनक्स. पोरीने घालून दिलंय. फुकट असतं, व्हायरस लागत नाही म्हणे."

"फुकट ना? मग बरोबर."

स्वयंपाकघरात दोब्रिनाने आपला मजकूर कागदावर लिहायला घेतला होता. स्तामेनला तो दिसत होता. नाइलाजाने त्याने हॅम्बर्गला राहणाऱ्या लेकीला, वेसेलाला, फोन लावला. पोरीने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, शिफ्ट दाबून ठेवलं होतंत का?"

"मोठं अक्षर हवं होतं."

"किती वेळ दाबलंत?"

"विचार करत होतो ना मी."

"ती सोय मीच केलीय. शिफ्ट थोडा वेळ धरून ठेवलं, की कॉम्प्युटर फक्त सावकाश दाबलेली बटणं मानतो. चुकून बोट लागलं तर सोडून देतो. हात कापतात त्या लोकांसाठी असतं ते."

"माझे हात नाही कापत."

"तुमच्यासाठी नव्हतंच, बाबा."

स्तामेनने खुर्ची ओढून घेतली.

"मला पत्र लिहायला बसली की आई ते सुरू करायची आणि उठताना आठवणीने बंद करायची. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं तिला. पुन्हा शिफ्ट दाबून धरा, जाईल ते."

गेला हिवाळाभर रुमेना त्याला अर्धाच कप कॉफी देत होती. तो रोज म्हणायचा, "कॉफी महागली वाटतं." ती म्हणायची, "आधी आपलं ब्लडप्रेशर बघ." यावर आपण फार विनोदी बोललो अशा थाटात तो पेपर उघडायचा.

"बाबा? बंद झालं का?"

"राहू दे तसंच," तो म्हणाला.

पत्रक दिवेलागणीच्या आत फाटकावर लागलं. एकेक बटण दाबून धरायचं म्हटल्यावर 'प्रेमळ' लिहायची दोब्रिनाशिवाय कुणाची छाती होणार. फोटोखाली एवढंच होतं : 'रुमेना, कप अर्धा भरलास तरी चालेल. स्तामेन.'

सकाळी मेतोदीने टोपी काढून ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि काही न समजल्यामुळे टोपी हातातच ठेवली. दोब्रिना वाचून आली ती तणतणतच.

"रुमेना गेल्यापासून तुझी कॉफी कोण करतंय? मी. तिचा अर्धा कप बरा म्हणून गावासमोर मला टोमणे?"

"ताई, ते तुम्हाला नाही."

"मग अर्ध्या कपाचं काय ते?"

खरं सांगायचं तर रुमेनाने पोरीशिवाय सगळ्यांपासून लपवलेली गोष्ट सांगावी लागली असती.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

दोब्रिनाने कप काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे सरकवला. स्तामेनने तो उचलला. तोंडाशी नेईपर्यंत निम्मी कॉफी बशीत आणि उरलेली त्याच्या एकुलत्या एक काळ्या विजारीवर सांडली.

"हात कापतोय तुझा," दोब्रिना म्हणाली.

"कप जास्त भरलाय," स्तामेन म्हणाला.