यान वरुणाचे तलाठी

माझ्या कादंबरीतला सेनापती मेला, म्हणून त्याची वारस-नोंद करायला आमचे घरमालक दारात उभे राहिले. हातात लांबोडकी वही, कानावर पेन्सिल, चेहरा असा की घरात खरंच कुणीतरी गेलंय.

"बाई, ह्यो सेनापती नवव्या पुस्तकात सूर्यात पडून मेला. बरोबर?"

"बरोबर."

"मंग चौदाव्या पुस्तकात बसून च्या पितो तो कोन हाय?"

मी शाळेत गणित शिकवायची. वर्गात कुणाचा हातचा राहिला तर ओरडायची. आणि मी स्वतः एक अख्खा सेनापती विसरले होते. काय बोलणार, कप्पाळ?

हे म्हात्रे भाऊसाहेब. नोकरीनं तलाठी, सजा, म्हणजे ताब्यातली गावं, पनवेलच्या पलीकडे. घर मात्र तळवलीत. त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. आमचे हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात, मी कोपरखैरण्याच्या शाळेत. सत्तर-ऐंशीच्या मधली ती वर्षं. आजूबाजूची भातशेती जाऊन तिथे नवं शहर मोजलं जात होतं, आणि मी घरात बसून शनीच्या पलीकडची शहरं वसवत होते. गिरगावातले एक प्रकाशक दर महिन्याला माझं शहाण्णव पानी पुस्तक काढायचे. कप्तान यशोधन आणि त्याचं यान 'वरुणा'. महिन्याला एक पुस्तक म्हणजे लिहिणाऱ्याला मागचं वाचायला सवड नसते हो. ती सवड भाऊसाहेबांनी काढली.

त्यांनी माझ्या सगळ्या पात्रांची नोंदवही केली होती. सरकारी कागदाला हात लावायचा नाही म्हणून स्वतः वही आणून, पट्टीनं रेघा मारून. नाव, बापाचं नाव, जन्म, यानावर रुजू, मयत असल्यास कधी, आणि शेवटी शेरा. कुणाचं लग्न झालं, कुणी ग्रह जिंकला, की रीतसर फेरफार. मी काही सांगायला गेले की ठरलेलं उत्तर, "तोंडी चालत नाय. कागद काय बोलतो?"

कागद फार बोलायचा. कप्तान यशोधन त्याचे वडील वारल्यावर चार वर्षांनी जन्मला होता. त्याची धाकटी बहीण स्वतःच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान होती. "पोरगी मोठी आनि आय बारकी, आसा कुठला ग्रह हाय ह्यो?" असं भाऊसाहेबांनी विचारलं तेव्हा आमचे हे बाहेरच्या खोलीत जाऊन हसले. मला मेलीला कढी ढवळत ऐकून घ्यावं लागलं.

सेनापतीला मी कसंबसं वाचवलं. म्हटलं, तो मेला नव्हताच, काळाच्या भोवऱ्यात अडकला होता, पंधराव्या पुस्तकात खुलासा करते. मला वाटलं, सुटले. भाऊसाहेब खाली बसले.

"भोवऱ्यात वर्सं किती गेली?"

"धरा दहा."

"म्हंजे वय दहानं वाढला. पन त्या दहा वर्सांत कामावं हजर नव्हता. तवा वय धरायचा, नोकरी नाय धरायची." पेन्सिलीनं तशी नोंद झाली. विसाव्या पुस्तकात मी त्या सेनापतीला बढती दिली, तर भाऊसाहेबांनी ती रद्द करायला लावली. कारण त्याच्यापेक्षा दोघं ज्येष्ठ होते.

चिडायची मी, खोटं कशाला बोलू. पण वाचकांची चुका काढणारी पत्रं थांबली. प्रकाशकही म्हणाले, बाई, हल्ली तुमचं लिखाण कसं चिरेबंदी झालंय. त्या चिऱ्यांमधला चुना कुणाचा, हे मी त्यांना सांगितलं नाही. तेव्हा सांगायला हवं होतं, म्हणून आता सांगतेय.

एकाच नोंदीवर आमचं कधी जमलं नाही. पाचव्या पुस्तकात बाबू शेलार नावाचा एक यंत्रज्ञ होता, वय चोवीस. इंधन संपलं म्हणून कप्तान त्याला एका ओसाड चंद्रावर उतरवतो आणि म्हणतो, तू इथंच थांब, आम्ही घ्यायला येतो. पुढं मी त्याला साफ विसरले. वाचकही विसरले. पण भाऊसाहेबांच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं, 'वाट पाहतो आहे.' दर महिन्याला नवं पुस्तक वाचून झालं की ते जाता जाता विचारायचे, "शेलारचा काय?" मी म्हणायची, बघू पुढच्या महिन्यात. अशी दहा वर्षं गेली.

मग घरोघरी टीव्ही आले आणि पुस्तकांचा खप उतरला. प्रकाशकांनी कळवलं, मालिका बंद करतो, शेवटचं एक पुस्तक द्या. मी ठरवलं, कप्तानाचं लग्न लावायचं आणि मोकळं व्हायचं. भाऊसाहेबांना सांगितलं तर ते वही उघडून म्हणाले, "शेलार राहिला."

शाळेच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात, त्यात मालिका बंद झाल्याचं दुःख. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, सात वर्षं माणसाचा पत्ता नसला की तुमचा कायदाच त्याला मेलेला धरतो ना? मग दहा वर्षं झाली. घाला मयत, आणि मिटवा एकदाचं."

त्यांनी वही मिटली. उठून गेले. आठवडाभर आमच्या दाराकडे फिरकलेही नाहीत.

शेवटी त्यांच्या बायको, मंजुळाकाकू, ओट्यावर जवळा, ती बारकी सुकी कोळंबी, निवडत बसल्या होत्या, त्यांना मी विचारलं, भाऊसाहेब रागावलेत का? त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "तुमाला कुनी सांगितला नाय काय? त्यांना धाकला भाऊस हाय. धर्मा. इसाव्या वर्सी घरातून गेला, त्याला आता एकवीस वर्सं झाली. बोटीवं लागला म्हनतात, खरा-खोटा देव जाने." गावची शेतं सरकारनं घेतली तेव्हा सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं होती. गावकरीही म्हणाले, साहेबही म्हणाले, कोर्टातून धर्माला मयत ठरवून घे, काम सोपं होईल. "सगल्या तालुक्याची मयत नावा कमी करनारा मानूस. सवताच्या भावाचा नाव कमी नाय केला त्यांनी."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मी माणसाला काय बोलून बसले होते.

कप्तानाचं लग्न मी दीड पानात उरकलं. उरलेलं सगळं पुस्तक शेलारला दिलं. यान वरुणा त्या ओसाड चंद्रावर परत जातं, शेलार सापडतो, आणि चौतिसाव्या वर्षी पृथ्वीवर आपल्या गावी येतो. हस्तलिखित मी स्वतः पुढच्या दारी नेऊन दिलं.

दोन दिवसांनी भाऊसाहेब आले. वय बरोबर होतं, तारखा बरोबर होत्या, सेनापतीची ज्येष्ठतासुद्धा बरोबर होती. पूर्ण पुस्तकात पेन्सिलीची एकच रेघ, शेवटच्या पानावर. शेलार उंबऱ्यात उभा आहे आणि त्याचा थोरला भाऊ विचारतो, 'इतकी वर्षं कुठे होतास?' त्या वाक्याखाली रेघ होती.

"एवढा काढा, बाई."

"का? भाऊ विचारणारच की."

भाऊसाहेब वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी इचारला व्हता. तीन दिस घरी नव्हता धर्मा. आला, ताटावं बसला, आनि मी इचारला, कुठं होतास? लय वाईट बोललो. ताटावरनं उठला तो गेला." हस्तलिखित माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पयले जेवू द्या त्याला. इचारायचा काय, मंग इचारता येतो."

मी त्यांच्यासमोरच ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'भाऊ म्हणाला, आलास? हातपाय धू, जेवायला बस.'

सव्वाशेच्या आसपास पुस्तकं लिहिली मी. सूर्य विझवले, ग्रह फोडले. त्यातलं हे एवढं एक पान मला आज न संकोचता कुणालाही वाचून दाखवता येतं, आणि ते मला भाऊसाहेबांनी दिलं. याचे उपकार कसे फेडायचे ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मला वाटलं झालं, पण ते जागचे हलेनात.

"वाढला काय, ते पन लिवा."

"काय लिहू?"

"तांदलाची भाकर," भाऊसाहेब म्हणाले, "आनि जवल्याची चटनी. तिखट नको जास्त. त्याला सोसत नाय."